एक जून, शून्य जानेवारी आणि सॉर्टचे बटण

कचेरीतील जी कामे ‘दोन मिनिटांची’ म्हणून सांगितली जातात, त्यांत एक्सेलच्या शीटमधील तारखा क्रमाने लावण्याच्या कामाचा नंबर बराच वरचा आहे. यादी कर्मचाऱ्यांच्या जन्मतारखांची असो, रुजू होण्याच्या दिनांकांची असो किंवा आवक-जावक नोंदवहीतील पत्रांची असो, ती ‘सॉर्ट’ करायची म्हणजे कॉलम निवडून एक बटण दाबायचे आणि जुन्या तारखा वर व नव्या खाली जाताना पाहायचे, एवढीच कल्पना काम सांगणाऱ्याच्या मनात असते. आणि काम सांगणारा सहसा ते बटण स्वतः दाबत नसल्यामुळे त्याची ही कल्पना निवृत्तीपर्यंत अबाधित राहते. बटण दाबणाऱ्याचा अनुभव वेगळा असतो. त्याच्यासमोर १९९० साली जन्मलेला शिपाई १९७१ साली जन्मलेल्या मुख्याध्यापकाच्या वर जाऊन बसतो, दोघांच्या खाली एक ‘निरंक’ येतो आणि यादीच्या माथ्यावर अस्तित्वातच नसलेल्या दिवशी जन्मलेला एक इसम विराजमान होतो. हे सारे यंत्राच्या लहरीपणामुळे घडते असे समजणे यंत्रावर अन्याय करणारे आहे. ते नियमाने घडते, आणि ते नियम पाहण्यासारखे आहेत.

तारखेच्या क्रमाला खरोखर वजन असलेले एक ठिकाण म्हणजे महाराष्ट्रातील शाळा व कार्यालयांत दरवर्षी तयार होणारी सेवाज्येष्ठता यादी, म्हणजे कोण आधी सेवेत आला आणि कोण नंतर हे दाखवणारी, पदोन्नतीच्या वेळी हमखास बाहेर काढली जाणारी आणि प्रसिद्ध होताच हरकतींना आमंत्रण देणारी यादी. तिच्या जोडीला निवृत्तीची यादी असते, आणि तिचा सगळा भार जन्मतारखेच्या कॉलमवर पडतो. या याद्यांसाठी वरून ‘विहित नमुना’ येतो, सोबत ‘आजच दुपारपर्यंत’ अशी मुदत येते, आणि प्रत्येक शाळा आपापल्या परंपरेनुसार तो नमुना भरते. परिणामी ५ मार्च १९७१ ही एकच तारीख कोणी ०५/०३/१९७१ अशी, कोणी ५-३-७१ अशी, कोणी ०५.०३.१९७१ अशी टिंबे देऊन, कोणी ‘दि.’ हे अक्षर आधी लावून, तर कोणी शेवटी ‘मध्यान्हपूर्व’ असा शेरा जोडून लिहितो, कारण सेवापुस्तकात रुजू दिनांकापुढे तसे लिहिण्याची रीत आहे. हे सारे नमुने एकाखाली एक चिकटवून तयार झालेला कॉलम डोळ्यांना अठरापगड दिसला, तरी माणसाला तो वाचता येतो. अडचण तेथूनच सुरू होते, कारण जे माणसाला वाचता येते ते यंत्रालाही वाचता आले असेल असे माणूस गृहीत धरतो.

या शास्त्राचे पहिले सूत्र असे की एक्सेलला तारीख ठाऊक नाही, त्याला फक्त आकडा ठाऊक आहे. १ जानेवारी १९०० या दिवसाला त्याने १ हा क्रमांक दिला असून तेथून पुढे प्रत्येक दिवसाला एक-एक वाढवत तो मोजत आला आहे. या गणनेत भारत स्वतंत्र झाला तो १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस १७३९४ ठरतो, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले तो १ मे १९६० हा दिवस २२०३७ ठरतो, आणि नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी फटाके उडवले गेले तो १ जानेवारी २००० हा दिवस ३६५२६ ठरतो. सेलमध्ये जे दिसते तो या आकड्यावर चढवलेला पोशाख असतो; त्या पोशाखाला ‘फॉरमॅट’ म्हणतात, आणि पोशाख बदलला म्हणून आतला आकडा बदलत नाही. दिवसाचा भाग तो अपूर्णांकात मोजतो, म्हणजे दुपारचे बारा त्याच्या लेखी अर्धा असतो. मोजणीची शेवटची मर्यादा ३१ डिसेंबर ९९९९ ही असून तिचा क्रमांक २९५८४६५ आहे. तोवरच्या सर्व निवृत्ती त्याला हिशेबात धरता येतात, मग निवृत्तिवेतनाची कागदपत्रे त्या वेळेपर्यंत मार्गी लागोत वा न लागोत. तारखा सॉर्ट करणे म्हणजे हे आकडे लहान-मोठे लावणे, आणि या कामात एक्सेल कधीही चुकत नाही.

मात्र ज्या मोजपट्टीने हे आकडे मोजले जातात, तिच्यातच एक दिवस खोटा आहे. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी लागू केलेल्या पंचांगसुधारणेनुसार शतकी वर्ष लीप असायचे तर त्याला ४०० ने भाग जावा लागतो. म्हणून २००० हे लीप वर्ष होते आणि १९०० नव्हते, अर्थात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस पृथ्वीवर कोणाच्याही वाट्याला आला नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिझिकॅल्कने स्प्रेडशीट म्हणजे काय ते जगाला दाखवले. त्यानंतर १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या कार्यक्रमाने बाजार काबीज केला, आणि या लोटसने १९०० हे वर्ष लीप धरले. चाराने भाग जातो म्हणजे लीप, हा सोपा नियम १९०१ पासून २०९९ पर्यंत बिनचूक चालत असल्यामुळे शतकाच्या उंबरठ्यावरील या एका दिवसाची दखल कोणाला घ्यावीशी वाटली नसावी. पुढे मायक्रोसॉफ्टने एक्सेल आणले तेव्हा लोटसमधील शीट त्यात जशीच्या तशी उघडली पाहिजे आणि दोघांचे आकडे जुळले पाहिजेत, या गरजेपोटी ती चूक जाणूनबुजून उचलण्यात आली. म्हणून आजही एक्सेलमध्ये ६० हा आकडा लिहून त्याला तारखेचा पोशाख चढवला की २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस समोर उभा राहतो, आणि १ जानेवारी १९०० या सोमवारला एक्सेल रविवार म्हणते. मॅकिंटॉशवरील जुन्या एक्सेलने १९०४ पासून मोजणी सुरू करून ही भानगड टाळली, तर त्यातून दुसरी निघाली: दोन मोजण्यांत १४६२ दिवसांचे अंतर पडले आणि एका फाइलमधील तारखा दुसरीत चिकटवल्या की माणसे चार वर्षे आणि एक दिवस एवढी लहान किंवा मोठी होऊ लागली. एकट्याने खरे बोलल्याने काय होते याचे हे बोधप्रद उदाहरण आहे. सर्वांनी मिळून पाळलेला खोटा दिवस कोणालाच त्रास देत नाही. क्रम बिघडतो तो एकाने खरे आणि दुसऱ्याने खोटे धरल्यावर.

दुसरे सूत्र असे की जी तारीख एक्सेलला आकड्यात बदलता आली नाही, ती त्याच्या लेखी तारीख राहत नाही. ती मजकूर ठरते, म्हणजे गावाचे नाव किंवा ‘अर्जित रजा’ हा शब्द जसा मजकूर तशीच ती अक्षरांची ओळ. सेलच्या मांडणीत कोणी ढवळाढवळ केलेली नसेल, तर आकडे उजव्या कडेला टेकून बसतात आणि मजकूर डाव्या कडेला. म्हणजे खऱ्या तारखा उजवीकडे आणि तोतया तारखा डावीकडे, अशी उघड खूण यंत्राने ठेवलेली असते. पण सुबक दिसावे म्हणून सर्व कॉलम मध्यभागी घेण्याची पद्धत कचेऱ्यांत इतकी रुजलेली आहे की तो पुरावा तयार झाल्याक्षणीच नष्ट केला जातो. टिंबे दिलेली तारीख भारतीय किंवा अमेरिकी मांडणीच्या संगणकावर मजकूर होते. ‘दि.’ लावलेली मजकूर होते, ‘मध्यान्हपूर्व’ जोडलेली होते, आणि तारखेत चुकून पडलेली एखादी न दिसणारी मोकळी जागाही तिला मजकूर करून सोडू शकते.

आता चढत्या क्रमाने सॉर्ट केल्यावर काय घडते ते पाहता येईल. एक्सेलच्या नियमानुसार आधी सर्व आकडे येतात, त्यानंतर सर्व मजकूर येतो आणि रिकाम्या सेल सर्वांत शेवटी जातात. त्यामुळे यादीचे दोन मजले होतात. वरच्या मजल्यावर खऱ्या तारखा नीट वयोमानाने उभ्या असतात आणि खालच्या मजल्यावर मजकुराच्या तारखा शब्दकोशाच्या शिस्तीने, म्हणजे डावीकडून एकेक चिन्ह ताडून, लावलेल्या असतात. दिवस आधी लिहिण्याची आपली रीत असल्याने या मजल्यावर ज्येष्ठता दिवसाच्या आकड्यावर ठरते: ‘१३/०१/१९९०’ हा मजकूर ‘१३/०२/१९७१’ या मजकुराच्या आधी येतो, कारण पाचव्या जागी असलेला १ हा २ पेक्षा लहान आहे, आणि एकदा तेथे निकाल लागल्यावर वर्षाकडे पाहण्याचे यंत्राला कारण उरत नाही. एकोणीस वर्षांची सेवा अशा रीतीने एका अंकात निकालात निघते. तळाशी ‘निरंक’, ‘माहिती उपलब्ध नाही’ आणि ‘सोबत जोडले आहे’ अशी मंडळी अक्षरानुक्रमे विसावलेली असतात.

तिसरे सूत्र सर्वांत घातक आहे, कारण त्यात यंत्र ताकास तूर लागू देत नाही. संगणकाला देशाची सवय शिकवावी लागते. या सवयीला ‘रीजन’ची सेटिंग म्हणतात, आणि नवीन यंत्र पुष्कळदा अमेरिकेची सवय घेऊनच टेबलावर येते. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. अशा यंत्रावर ०५/०३/१९७१ टाइप केले की ते ३ मे १९७१ समजले जाते, मात्र पडद्यावर अमेरिकी पोशाखात ५/३/१९७१ असेच दिसते, त्यामुळे टाइप करणाऱ्याला संशयाला जागाच राहत नाही. तीच फाइल वरच्या कार्यालयातील भारतीय मांडणीच्या संगणकावर उघडली की तेथे ०३-०५-१९७१ प्रकट होते आणि ‘आपल्या कार्यालयाने जन्मतारीख परस्पर बदलली’ असा खुलासा मागवला जातो. उलट २५/०३/१९७१ ही तारीख त्याच अमेरिकी यंत्राला कळत नाही, कारण पंचविसावा महिना अमेरिकेतही नसतो. म्हणून ती निमूटपणे मजकूर होते. याचे गणित मांडता येते. ज्या तारखांत दिवस आणि महिना दोन्ही बारापर्यंतचे आहेत अशा तारखा वर्षात १४४ असतात. त्यांतील १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ तारखा उलट्या केल्या तरी सुलट्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा बिनबोभाट दुसऱ्याच दिवशी जाऊन पडतात, आणि साध्या वर्षातील बाकीच्या २२१ तारखा मजकूर होऊन डाव्या कडेला जातात. म्हणजे दिवस-महिना सारखा असलेल्या त्या बारा भाग्यवान तारखांना सोडले, तर वर्षात एकही दिवस असा नाही की ज्या दिवशी जन्मलेला माणूस अमेरिकी सेटिंगमधून सहीसलामत सुटेल.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राच्या १ जूनचा विचार केला पाहिजे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली आला. त्याआधी आणि खेड्यापाड्यांत त्यानंतरही बराच काळ, मूल शाळेत येताना जन्माचा दाखला घेऊन येत नसे. फार तर ‘थोरल्या पुरानंतरच्या पावसाळ्यात’ किंवा ‘आंबे उतरवत होते तेव्हा’ अशी माहिती मिळे, आणि रजिस्टरच्या रकान्यात आंबे बसत नसल्यामुळे गुरुजी शाळा जूनमध्ये सुरू होते हे ध्यानात घेऊन, वयाची अट पुरी होईल असे वर्ष धरून, १ जून ही तारीख लिहून टाकत. अशा रीतीने राज्यातील एका मोठ्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येऊ लागला. सेवेचा नियम असा की कर्मचारी ठरावीक वय ज्या महिन्यात पूर्ण करतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, पण ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा आहे तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून १ जूनची ही सारी मंडळी ३१ मे रोजी एकदम घरी जातात, आणि त्या सायंकाळी राज्यात नारळ, शाल आणि ‘आपल्या हसतमुख स्वभावाने’ या शब्दांनी सुरू होणारी भाषणे यांची एकाच वेळी मागणी वाढते.

संशोधकाला चकित करणारी गोष्ट अशी की सॉर्टच्या कसोटीला महाराष्ट्रातील सर्वांत टिकाऊ तारीख हीच ठरते. ‘०१/०६/१९६८’ आणि ‘०१/०६/१९७०’ या दोन तारखा मजकूर झाल्या तरी त्यांचा आपसातला क्रम बिघडत नाही, कारण दिवस आणि महिना सारखेच असल्यामुळे ताडण्यासाठी फक्त वर्ष उरते, आणि शब्दकोशाच्या नियमानेही १९६८ हे १९७० च्या आधीच येते. अमेरिकी सेटिंगमध्ये त्या उलटतात, पण सगळ्या मिळून ६ जानेवारीला जातात, आणि तेथेही एकमेकांशी ज्येष्ठता राखून उभ्या राहतात. खरी, दाखल्यानिशी सिद्ध झालेली आणि प्रत्येकाची निराळी असलेली जन्मतारीख यंत्रात शिरताच सैरावैरा होते. गुरुजींनी अंदाजाने ठोकून दिलेली तारीख मात्र पलटणीसारखी रांगेत चालते. अर्थात यालाही एक उणी बाजू आहे. १ जून १९७० चा क्रमांक २५७२० आणि ६ जानेवारी १९७० चा २५५७४, म्हणजे फरक १४६ दिवसांचा. वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्ती धरली तर जो मनुष्य ३१ मे २०२८ रोजी निवृत्त व्हायचा, त्याला शीट ३१ जानेवारी २०२८ रोजीच निरोप देते. शाल-नारळासाठी वर्गणी काढणाऱ्यांच्या हे चटकन लक्षात येते; यादी तपासून सही करणाऱ्यांच्या येईलच असे नाही.

वर्ष दोन अंकांत लिहिण्याची काटकसर हा याच कुळातील उपद्रव होय. ५-३-७१ मधील ७१ चा अर्थ १९७१ हे एक्सेलला समजते, कारण ३० ते ९९ हे आकडे विसाव्या शतकाचे आणि ०० ते २९ हे एकविसाव्या शतकाचे अशी त्याची जुनी वहिवाट आहे. मात्र निवृत्तिवेतनधारकांच्या यादीत १-६-२९ अशी नोंद असलेले आजोबा या वहिवाटीने २०२९ साली जन्मणार असे ठरतात, आणि १-६-३० ची त्यांची धाकटी बहीण १९३० ची राहते. क्रम लावल्यावर बहीण यादीच्या वर आणि भाऊ सर्वांत खाली, नातवंडांच्याही मागे, जातो. वयाचा कॉलम सूत्राने काढलेला असेल तर आजोबांचे वय उणे निघते, आणि ‘हयातीचा दाखला’ या कागदाला तत्त्वज्ञानाचे परिमाण लाभते.

१९०० पूर्वीचा काळ एक्सेलच्या दृष्टीने घडलेलाच नाही. त्याची मोजणी १ पासून सुरू होत असल्यामुळे त्याआधीची प्रत्येक तारीख मजकूर ठरते, आणि शाळांनी जयंत्यांचा तक्ता करायला घेतला की याचा प्रत्यय येतो. यशवंतराव चव्हाण (१२ मार्च १९१३) आणि अण्णा भाऊ साठे (१ ऑगस्ट १९२०) यांच्या जन्मतारखा खऱ्या तारखा म्हणून वर जातात. त्यांच्याखाली सावित्रीबाई फुले (३ जानेवारी १८३१), मग महात्मा फुले (११ एप्रिल १८२७), मग डॉ. आंबेडकर (१४ एप्रिल १८९१) आणि त्यानंतर लोकमान्य टिळक (२३ जुलै १८५६) अशी रांग लागते, कारण ०३, ११, १४ आणि २३ हाच तेथला एकमेव निकष असतो. एकोणिसावे शतक विसाव्याच्या नंतर येते आणि त्याचा अंतर्गत क्रम दिवसाच्या आकड्याने ठरतो. पानिपतचा १४ जानेवारी १७६१ आणि शिवराज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हे दिवस एक्सेलला सांगितले, तर ते सभ्यपणे डाव्या कडेला ठेवून देते. लिब्रऑफिसचे कॅल्क मात्र शून्याखालील आकडे धरून १९०० च्या मागेही मोजते, त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाने तेथे आश्रय घ्यावा हे उत्तम.

तारखेऐवजी महिन्यांची नावे लिहिणाऱ्यांचे वर्ष वर्णमालेच्या हवाली होते. मराठी नावे अक्षरानुक्रमे लावली तर पहिला महिना एप्रिल येतो, त्यामुळे लेखा शाखेला आर्थिक वर्ष बरोबर सुरू झाल्याचा क्षणिक आनंद मिळतो. पण एप्रिलनंतर ऑक्टोबर, मग ऑगस्ट, मग जानेवारी, जुलै आणि जून, आणि सर्वांत शेवटी, मार्च व मे यांच्याही मागून, सप्टेंबर, असा त्या वर्षाचा प्रवास असतो. या वर्षात दिवाळी पोळ्याच्या आधी उरकते आणि जुलैमध्ये भरलेल्या शाळेचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. त्यातल्या त्यात दुसरी गोष्ट काही ठिकाणी वस्तुस्थितीला धरून आहे.

यादीच्या माथ्यावरील त्या अस्तित्वात नसलेल्या दिवसाचा उलगडाही येथेच करणे योग्य होईल. एका शीटमधील तारीख दुसऱ्या शीटमध्ये सूत्राने आणली आणि मूळ सेल रिकामी निघाली, तर सूत्र शून्य हा आकडा देते. त्या शून्याला तारखेचा पोशाख चढला की ००-०१-१९०० असे वाचता येते, म्हणजे १९०० सालच्या जानेवारीचा शून्यावा दिवस. ज्याची जन्मतारीख शाळेने कळवलीच नाही तो कर्मचारी अशा रीतीने सर्वांत ज्येष्ठ ठरतो, आणि माहिती न देण्याचे असे रोख बक्षीस अन्य कोणत्याही कार्यपद्धतीत मिळत नाही.

या सर्वांवर कडी करणारा अपघात तारखेचा नसून उतावळेपणाचा आहे. एकच कॉलम निवडून सॉर्ट केले असता एक्सेल विचारते की शेजारचे कॉलमही सोबत हलवायचे की निवडलेलाच हलवायचा. हा त्याने विचारलेला एकमेव शहाणा प्रश्न. पण साहेब पाठीशी उभे असल्यामुळे तो न वाचता दुसरा पर्याय दाबला जातो. मग तारखा वयोमानाने अचूक लागतात आणि नावे जागच्या जागी राहतात, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्या कोणाचा तरी जन्म मिळतो. ही यादी दिसायला निर्दोष असते, तिच्यात मजकूर नसतो, शून्य जानेवारी नसते, क्रम काटेकोर असतो. फक्त तिच्यातील एकही ओळ खरी असण्याची हमी नसते, आणि फाइल सेव्ह करून बंद केलेली असेल तर मूळ कागदांकडे परतण्यावाचून मार्ग राहत नाही.

हा सारा प्रकार केवळ पंचायत समितीच्या पातळीवरचा आहे असा ग्रह होऊ नये, म्हणून जीवशास्त्राचा दाखला देणे आवश्यक आहे. मानवी जनुकांची नावे थोडक्यात लिहिण्याची पद्धत असून त्यांत ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ अशी नावे होती. ती एक्सेलमध्ये लिहिताच १ मार्च आणि २ सप्टेंबर होऊन बसत. म्हणजे जेथे तारीख नको तेथे ती आपण होऊन हजर होई. मार्क झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘जीनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात दाखवून दिले की ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधील जनुकांच्या याद्या जोडलेल्या होत्या, त्यांतील सुमारे एक पंचमांश निबंधांच्या यादीत अशा चुका शिरल्या होत्या. यावर एक्सेल बदलावे की जनुकांची नावे बदलावीत असा पेच होता, आणि २०२० साली जनुकनाम समितीने नावे बदलल्याचे जाहीर केले. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले आणि ‘सेप्ट’चे ‘सेप्टिन’. हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने त्यानंतर, २०२३ साली दिली. नावे बदलून झाल्यावर आलेल्या या सोयीला मराठीत वरातीमागून घोडे म्हणतात. तरीही समितीचा निर्णय शहाणपणाचा होता, कारण तिने यंत्राशी वाद घातला नाही. सर्वांनी एकसारखे लिहावे एवढेच पाहिले.

विवेचनाचा निष्कर्ष त्याच दिशेला जातो. सॉर्टला सत्य लागत नाही, एकवाक्यता लागते. २९ फेब्रुवारी १९०० खोटा असूनही चालतो आणि १ जून खोटी असूनही चालते, कारण ज्यांनी त्या पाळल्या त्यांनी सारख्याच पाळल्या. ५ मार्च १९७१ खरी असूनही कोसळते, कारण ती पाच जणांनी पाच तऱ्हांनी लिहिली. यासाठी १९८८ साली आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरवण्यात आले, आणि त्याप्रमाणे आधी चार अंकी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस, म्हणजे १९७१-०३-०५ असे लिहायचे असते. या लेखनाची खुबी अशी की भारतीय आणि अमेरिकी दोन्ही सेटिंग ते एकाच अर्थाने वाचतात, आणि समजा ते मजकूर होऊन पडले तरी शब्दकोशाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच येतो.

तोवर ज्यांच्यापुढे जुन्याच पद्धतीची यादी आहे, त्यांनी सॉर्ट करण्यापूर्वी कॉलमची मध्यभागी घेतलेली मांडणी काढून टाकावी आणि डाव्या कडेला कोण सरकते ते पाहावे. सॉर्टच्या मेनूत ‘ओल्डेस्ट टू न्यूएस्ट’ऐवजी ‘ए टू झेड’ दिसत असेल, तर यंत्र त्या कॉलमला बहुतांशी अक्षरे समजत आहे हे ओळखावे. फिल्टर उघडल्यावर खऱ्या तारखा वर्षांच्या गटांत घडी घालून ठेवलेल्या दिसतात आणि तोतया तारखा सुट्या पडलेल्या दिसतात, तेही पाहून घ्यावे. मजकूर झालेल्या तारखा ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ या सोयीत दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगून परत आणता येतात, पण अमेरिकी सेटिंगमध्ये आधीच उलटून गेलेल्या तारखांना फॉरमॅट बदलणे हा उपाय नाही; त्यांच्यासाठी सेवापुस्तक उघडावे लागते. शेजारचे कॉलम हलवायचे का, या प्रश्नाला ‘होय’ म्हणावे आणि तो पूर्ण वाचूनच म्हणावे. जन्मतारीख खरी की गुरुजींची, हा वाद सोडवणे एक्सेलचे काम नाही. ती तारीख आहे की नुसती अक्षरे, एवढे पाहणे मात्र बटण दाबणाऱ्याचे काम आहे, आणि त्यासाठी साहेबांनी दोन मिनिटे नव्हे, एक सबंध दुपार द्यावी.